गाडीच्या खिडकीला घरचा पडदा

गेल्या वैशाखात सासूबाईंना उपचारासाठी नागपूरला न्यावे लागले. चार रात्री मुक्काम पडला. वॉर्डात रोग्याजवळ एकाच माणसाला राहू देत, त्यामुळे बाकीच्यांनी आमच्या जुन्या व्हॅनमध्येच पथारी टाकली. मागचे बाक दुमडले, गादी अंथरली, पाण्याचा कॅन ठेवला आणि दोन-चार दिवसांचा संसार थाटला. पहिल्या रात्री दहाच्या सुमारास सुनेला सासूबाईंजवळ बसवून सौ. खाली झोपायला आली, तेव्हा तिच्या ध्यानात आले की आपण काचेच्या कपाटात झोपणार आहोत. आवारातला मोठा दिवा नेमका तोंडावर, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावून जाणारा. त्या उकाड्यात तिने डोक्यावरून पदर घेतला आणि सबंध रात्र बसून काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाणपणा केला. काचा वर करताना त्यांत टॉवेल, पंचे आणि एक जुने लुगडे अडकवून टाकले. आत छान अंधार झाला. दुपारी साडेतीन वर्षांचा नातू आत झोपला होता. सून औषधे आणायला गेली होती. "सावली आहे, झोपू दे त्याला," असे म्हणून मी दार लोटले आणि समोरच्या टपरीवर चहाला गेलो. पंधरा मिनिटांनी परत आलो तो पोर घामाने निथळत होते, चेहरा लालबुंद, आणि हाका मारूनही डोळे उघडीना. दवाखाना दहा पावलांवर होता म्हणून निभावले. गोठ्यात वारा कसा खेळता ठेवावा हे पंचवीस-तीस वर्षे गावोगाव सांगत हिंडलेला माणूस मी, आणि मीच त्या पोराला बंद काचेत ठेवून चहाला गेलो होतो!

घरी आल्यावर त्या काचांचा पिच्छा पुरवायचे ठरवले. पावसाळाभर जे काही केले, फसले आणि पुन्हा केले, त्याचा हा वृत्तांत आहे. गाडीत रात्र काढण्याची वेळ आता पुष्कळ शेतकरी कुटुंबांवर येते. धान विकायला नेला आणि नंबर लागला नाही तर रात्र तिथेच. कळमन्याच्या बाजारात भाजी पहाटे उतरवायची तर आदल्या रात्रीच निघावे लागते. महाशिवरात्रीला गायमुख, प्रतापगड किंवा थेट पचमढी, कार्तिकात रामटेक, दसऱ्याला दीक्षाभूमी, अशा वेळी घरच्या किंवा भाड्याच्या गाडीतून बायकामुलांसह माणसे निघतात आणि गाडीतच अंग टाकतात. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर असलेल्या त्या गाड्या हौशी लोकांसाठी आहेत. आपली व्हॅन गरजेपोटी घर होते, एवढाच फरक.

तसे पाहिले तर आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. दमणीला बांबूच्या चटईचा टप असे आणि मागे-पुढे लुगड्याचा पडदा सोडलेला असे. त्या टपाला काच नव्हती, हे महत्त्वाचे. ऊन चटईवर बाहेरच अडायचे आणि वारा तिच्या विणीतून आत यायचा. माहेरवाशीण लेकराला पाजत बसली तरी बाहेरून कोणाला दिसत नसे. दमणी गेली आणि काचेची गाडी आली. तिच्यात वेग आहे, पण टपाचे हे तिन्ही गुण नाहीत.

आमच्या वरठीत राहणाऱ्याला याचे उत्तर रोज डोळ्यांसमोर दिसते. भंडारा शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरचे भंडारा रोड हे रेल्वेस्टेशन वरठी गावातच आहे. फलाटावर उभी राहणारी साध्या डब्यांची गाडी पाहा. खिडकीला गज असतात, एक काचेचे दार आणि एक तिरप्या पट्ट्यांचे दार. काच थंडी आणि धुळीसाठी, पट्ट्यांचे दार ऊन आणि पावसासाठी. पट्ट्या बाहेरच्या अंगाला उतरत्या असल्यामुळे पाणी बाहेर गळते, ऊन अडते आणि वारा मात्र येतो. एकाच पडद्याने सगळी कामे होत नाहीत म्हणून रेल्वेने दोन दारे ठेवली. मीही शेवटी दोनच प्रकारचे पडदे केले, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. त्याआधी पुष्कळ पैसे आणि बराच चिकटपट्टा वाया घालवला.

आमचा टॉवेल का फसला ते आधी सांगतो. ज्यांच्याकडे पॉलिहाऊस आहे त्यांना हे लगेच पटेल. ऊन काचेतून आत येते, टॉवेलवर, गादीवर, आसनावर पडते आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूची उष्णता मात्र काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे टॉवेलने उजेड अडवला, पण उष्णता आत येऊन बसलीच होती. बंद गाडी उन्हात उभी असली तर दहा मिनिटांत आतली हवा बाहेरपेक्षा सुमारे १० अंशांनी आणि तासाभरात २० अंशांहून अधिक तापते. काच बोटभर खाली ठेवली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो, त्यात २० मिळवून पाहा. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. म्हणून पहिली गोष्ट ही की पडदे कितीही उत्तम केले तरी बंद गाडीत मूल, म्हातारे माणूस किंवा जनावर पाच मिनिटेही एकटे ठेवू नये. पडदा हा सोयीसाठी आहे, राखणदारीसाठी नाही.

दुसरी गोष्ट, दिवसाचे ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे.

त्यासाठी सर्वांत सोपा उपाय घरात पडलेला होता आणि तो मला सर्वांत शेवटी सुचला. भाजीच्या रोपवाटिकेवरची ७५ टक्के सावलीची शेडनेट उरली होती. तिचा एक लांब तुकडा छतावरून दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या खालपर्यंत सोडायचा, कडा दुमडून शिवायच्या आणि चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधून त्या चाकांजवळ ताणायच्या. छत आणि नेट यांच्यात धानाचे रिकामे कट्टे गुंडाळून त्यांच्या दोन वळकट्या ठेवाव्यात, म्हणजे मधून वारा जातो आणि पत्रा तापत नाही. एवढे केले आणि खिडक्या उघड्या ठेवल्या तर झाडाखाली बसल्याचा भास होतो. कट्टे मात्र धानाचेच घ्यावेत. कीटकनाशकाची वेष्टने किंवा पेट्या कशासाठीही गाडीत घेऊ नयेत. उन्हाने तापल्यावर त्यांचा वास माणसांच्या नाकात जातो.

शेडनेटमधून जवळ आलेल्या माणसाला आतले थोडेफार दिसते. म्हणून बाजूच्या खिडक्यांसाठी बांबूच्या काड्यांचा चिक केला. हे काम मला इतके आवडले की आता घरच्या खिडक्यांनाही तेच लावले आहेत. गाडीची काच वरून खाली किंचित फुगीर असते. तिच्यावर पुठ्ठा किंवा प्लायवूड नीट बसत नाही, कडेने फटी राहतात. चिकाच्या काड्या आडव्या असल्यामुळे तो त्या फुगवट्यावर सापासारखा वळतो. दिवसा आतून बाहेरचे दिसते आणि बाहेरून आतले दिसत नाही, कारण आत अंधार आणि बाहेर उजेड असतो. रात्री आत दिवा लावला की हे उलटे होते, हे लक्षात ठेवावे.

बांबूसाठी गावातल्या एका बुरूडबाबांकडे गेलो. सूप, टोपल्या, ढोल्या करण्यात त्यांची हयात गेली. मी जूनमध्ये बांबू मागितला तर ते हसले. "साहेब, उनाच्या दिवसातला बांबू नोका घेऊ. आतून पीठ होते." शास्त्रही तेच सांगते. बांबूत पिष्टमय पदार्थ जास्त असतात तेव्हा भुंगा त्यावर तुटून पडतो. पावसाळा संपल्यावर, कार्तिकापासून माघापर्यंत, तीन वर्षे पूर्ण झालेला बांबू तोडावा. कोवळा घेतला तर काड्या सुकताना आक्रसतात. बाबांनी मला मागच्या हिवाळ्यात तोडून तळ्यात मुरवलेला बांबू दिला म्हणून माझे काम अडले नाही. ज्यांच्या बांधावर बांबू आहे त्यांनी जाता जाता हेही ध्यानात घ्यावे की २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. चांगले शिकायचे असेल त्याच्यासाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

माझी बाजूची खिडकी ३० इंच रुंद आणि १८ इंच उंच आहे. चिक प्रत्येक बाजूने एक इंच मोठा धरला. बांबूच्या ३२ इंच लांब आणि साधारण ३ मिलिमीटर जाड काड्या काढल्या. एका खिडकीला शंभर काड्या लागल्या. गाठी येतील तिथे सुरीने तासून घ्यावे, नाहीतर चिक गुंडाळताना तिथेच अडतो. मग १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून काड्या दोन दिवस बुडवून ठेवल्या आणि सावलीत वाळवल्या. बोरिक पावडर म्हणजे कॅरमच्या फळीवर टाकतात तीच. हे पाणी मुलांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागू देऊ नये, आणि उरलेले विहिरीजवळ किंवा तळ्यात ओतू नये.

विणण्याला माग लागत नाही. दोन खांबांना कमरेएवढ्या उंचीवर एक आडवा बांबू बांधावा. त्यावर दर पाच इंचांवर दुहेरी सुताची दोरी टाकावी. दोरीचे एक टोक पुढे आणि एक मागे लोंबते, आणि दोन्ही टोकांना लिंबाएवढे दगड बांधलेले असतात. आडव्या बांबूवर काडी ठेवायची, पुढचा दगड मागे आणि मागचा पुढे टाकायचा. झाली एक काडी पक्की. पुन्हा काडी, पुन्हा दगड. एक जण काड्या देणारा आणि एक दगड फिरवणारा असला तर दोन संध्याकाळीत एक चिक होतो. माझा पहिला चिक एका बाजूला अडीच इंच उतरता झाला, कारण नातवाने मदत म्हणून दोन दगड काढून ठेवले होते. तो चिक आता कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. विणून झाले की चारही कडांना जाड मांजरपाटाची दोन इंची पट्टी शिवावी, आणि वरच्या कडेला चार इंचांची कापडाची जीभ सोडावी. ही जीभ दाराच्या चौकटीत धरून दार लावले की चिक बाहेरून लटकतो. खिळा नको, भोक नको.

रात्रीचा पडदा वेगळा. त्याला उजेड पूर्ण अडवायचा असतो आणि थंडीत ऊबही धरून ठेवायची असते. तापत्या पत्र्याखाली घालतात तो चंदेरी फोम त्यासाठी उत्तम. चंदेरी बाजू काचेकडे आणि आतल्या अंगाला गडद सुती कापड, अशी गोधडीसारखी शिवण घालावी. जुने गडद लुगडे चालते. आतून भडक रंग घेऊ नये, सकाळी चारलाच जाग येते असा सौ.चा अनुभव आहे. काचेचा आकार घेताना पट्टीने मोजू नये. वर्तमानपत्राची पाने एकमेकांना चिकटवून काचेवर आतून धरावीत, कडेने खडूने रेघ मारावी आणि कापून पाहावे. समोरच्या मोठ्या काचेला मला तीन वेळा कागद कापावा लागला. प्रत्येक तुकड्यावर 'वर', 'बाहेर' आणि कोणती खिडकी हे लगेच लिहून ठेवावे. रात्री अकराला बॅटरीच्या उजेडात सात तुकडे उलटेसुलटे करून पाहण्याची पाळी आली की या सूचनेची किंमत कळते.

आता पडदा टिकवायचा कसा? मी आधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. भर उन्हात तिचा डिंक वितळून काचेवर ओघळला, तो काढायला दोन दिवस रॉकेलचा बोळा घेऊन बसलो. मग रबरी चोषक आणले. ते रात्री छान धरतात आणि दुपारी एकेक करून टपकतात. तिसऱ्या खेपेला मी गिरमिट हाती घेतले आणि दाराच्या पत्र्यात स्क्रू बसवला. स्क्रूचे टोक आतल्या कुलपाच्या दांडीला अडले आणि ते दार आठवडाभर उघडले नाही. मिस्त्रीने दार खोलताना जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

शेवटी तीन साध्या वस्तूंवर काम भागले. पहिली म्हणजे लहान गोल लोहचुंबक. पडद्याच्या कडेत दर सहा इंचांवर एक शिवून टाकावा. खिडकीभोवतीचा पत्रा लोखंडी आणि उघडा असेल तर चुंबक घट्ट बसतो. प्लॅस्टिकचे अस्तर असेल तिथे बसणार नाही, म्हणून आधी एक चुंबक लावून पाहूनच बाकीचे आणावेत. जिथे अस्तर आहे तिथे टिचबटणे. बटणाचा एक भाग पडद्यावर आणि दुसरा अस्तरावर ताणून शिवलेल्या कापडी पट्टीवर. तिसरी वस्तू घरोघरी खिडक्यांना असते ती पडद्याची स्प्रिंग. पुढची आसने आणि मागची झोपण्याची जागा यांच्यामध्ये आडवा पडदा सोडायला ती फार उपयोगी. तिच्या हुकांसाठी नवीन भोक पाडू नये. आतल्या मूठपट्टीचे जे स्क्रू असतात त्यांच्याखालीच पत्र्याची छोटी कडी दाबून बसवावी. ज्या नव्या गाड्यांच्या बाजूच्या खांबांत किंवा छताच्या कडेत एअरबॅग असते, तिथे कशालाही हात लावू नये.

खिडकी थोडी उघडी ठेवायची म्हणजे डास आलेच. आपला भंडारा जिल्हा हत्तीरोगाच्या सामूहिक औषध मोहिमेत येतो, तेव्हा ही बाब वरवर सोडण्यासारखी नाही. मच्छरदाणीच्या कापडाचा खिडकीपेक्षा तीन-चार इंच मोठा तुकडा घेऊन त्याच्या कडेतही चुंबक शिवावेत. आधी जाळी, तिच्यावर पडदा, आणि पडद्याचा खालचा कोपरा सुटा ठेवून तिथून वारा घ्यावा. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे तरी उघड्या पाहिजेत. चार माणसे बंद गाडीत झोपली तर हिवाळ्यात सकाळी काचांवरून पाणी ओघळते. ते आपल्याच श्वासाचे असते, आणि त्यानेच पडद्यांना बुरशी येते. मच्छर अगरबत्ती, शेगडी, गॅस यांपैकी काहीही आत पेटवू नये. थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवून तर मुळीच झोपू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही. झोपेतला माणूस जागाच होत नाही.

कायद्याचेही सांगितले पाहिजे, कारण एका वाचकाने मला "काळी फिल्म लावली की काम भागते" असे ऐकवले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. आपले पडदे उभ्या गाडीचे आहेत. किल्ली फिरवण्यापूर्वी सगळे उतरलेच पाहिजेत, आडवी स्प्रिंगसुद्धा. चालकाला मागचे आणि बाजूचे दिसले पाहिजे, हे पोलिसाने सांगण्याची गरज नसावी. आसने कायमची काढून पलंग ठोकण्याच्या भानगडीत पडू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही.

पिकअपवाल्यांनी हौद्यावर ताडपत्री टाकून झोपायचे असेल तर दोन्ही टोके उघडी ठेवून तिथे चिक सोडावेत. बाकी वरचेच सगळे लागू.

कार्तिकात हे सगळे सामान घेऊन आम्ही रामटेकला जाऊन आलो. या वेळी सासूबाईही बरोबर होत्या. रात्री पडदे लावून झाल्यावर त्यांनी हाताने चाचपून पाहिले आणि विचारले, "दमनीले होता तसाच केला काहून?" सौ. सकाळी सहापर्यंत झोपली, गडावरचे भोंगे वाजले तरी तिला पत्ता नव्हता.

परत आल्यावर चिक दोन दिवस सावलीत उघडे ठेवले, कारण दवाने दोऱ्या ओलावल्या होत्या. ओला चिक गुंडाळला की आठ दिवसांत काळे ठिपके पडतात. गुंडाळीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून त्या मागच्या बाकाखाली ठेवल्या आहेत. महिन्याकाठी एकदा गुंडाळी उचलून खाली पांढरे पीठ पडले आहे का ते पाहतो. पडले असेल तर भुंगा लागला. तेवढ्या काड्या काढून जाळाव्या आणि उरलेला चिक पुन्हा टाकणखाराच्या पाण्यात बुडवून काढावा.